ब्लूज हार्मोनिकासाठी माइक: शुअर ५२० डीएक्स आणि त्याचे पर्याय

नागपुरात माउथ ऑर्गन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑर्केस्ट्रातला वादक येतो: बारा छिद्रांचा क्रोमॅटिक, बाजूला कळ, आणि जुन्या हिंदी गाण्यांतले स्वच्छ, गोड तुकडे. त्या वादनाला गाण्याचा कोणताही बरा माइक पुरतो, कारण वाद्याचा आवाज आहे तसा मोठा करणे एवढेच त्या माइकचे काम असते. दहा छिद्रांच्या, एकाच पट्टीत जुळवलेल्या डायटॉनिक हार्पवर (ब्लूजवाले माउथ ऑर्गनला हार्प म्हणतात) शिकागोच्या धाटणीचा ब्लूज ॲम्प्लिफायर लावून वाजवायचा असेल, तर सगळा हिशेब बदलतो. तिथे आवाज मुद्दाम थोडा फाटायला हवा असतो, वरची चिरचिर कापली जायला हवी असते आणि खालचा सूर जाड, भरलेला, थोडा सॅक्सोफोनकडे झुकणारा यायला हवा असतो. हे काम तळहात, माइक आणि ॲम्प्लिफायर हे तिघे मिळून करतात. म्हणून अशा वादकाने माइक निवडताना हार्पची पट्टी निवडताना घेतो तितकीच काळजी घ्यायला हवी.

या लेखात मुख्यतः शुअर कंपनीच्या ५२० डीएक्स या माइकचे परीक्षण केले आहे. हिरवा रंग आणि बंदुकीच्या गोळीसारखा आकार यांमुळे जगभरचे हार्पवादक त्याला ‘ग्रीन बुलेट’ म्हणतात. त्याच्या जोडीने शुअरचाच एसएम ५७ आणि त्याचा थोरला भाऊ ५४५, ॲस्टॅटिक कंपनीचा जुना क्रिस्टल माइक जेटी-३० आणि आपल्याकडे सहज मिळणारे साधे डायनॅमिक माइक यांचाही विचार केला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे व्हॉल्व्हचा म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प आहे आणि ज्याचा पंजा मोठा आहे, त्याने ग्रीन बुलेट खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी एसएम ५७ आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर यांवर सुरुवात करावी. क्रिस्टलचा जुना माइक मात्र नागपुरात राहणाऱ्याने पहिला माइक म्हणून घेऊ नये.

ग्रीन बुलेट मुळात संगीतासाठी बनलेला नाही, हे लक्षात घेतले की त्याचे गुणदोष आपोआप उलगडतात. १९४९ साली तो बाजारात आला तो घोषणा करण्यासाठी आणि वायरलेस संचांवर बोलण्यासाठी. बोलणे स्पष्ट कळावे एवढीच अपेक्षा असल्यामुळे त्याची श्रवणकक्षा अरुंद ठेवलेली होती. आजच्या ५२० डीएक्सची कक्षाही १०० ते ५,००० हर्ट्झ एवढीच आहे. गायकाला ही कक्षा तोकडी वाटेल, पण हार्पला ती नेमकी बसते. पांढरी एकच्या म्हणजे सी पट्टीच्या हार्पचा सर्वांत खालचा सूर सुमारे २६२ हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे २,०९३ हर्ट्झचा असतो. म्हणजे सगळे मूळ सूर या कक्षेत आरामात मावतात, आणि पितळी रीडमधून निघणारी जी वरची धार कानाला टोचते, तिचा बराचसा भाग माइकच्या दारातच अडतो. शिकागोच्या वादकांनी हा माइक हेरला त्यामागे त्याचा स्वस्तपणा होता, तसा हा गुणही होता. माइक आणि ॲम्प हेच हार्पचे दुसरे अंग मानून वाजवण्याची रीत शिकागोच्या लिटल वॉल्टर या हार्पवादकाने रूढ केली. १९५२ मध्ये चेकर या लेबलवर निघालेली त्याची एक वाद्यधून अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यानंतर त्या रीतीकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही हार्पवादकाला शक्य राहिले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे ओंजळीकडे येतो. ॲम्प्लिफाइड हार्पमध्ये माइक स्टँडवर लावून समोर वाजवत नाहीत. हार्प डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरतात, माइकचे तोंड हार्पच्या पाठीला जवळजवळ चिकटते, आणि दोन्ही तळहात मिळून भोवती बंद ओंजळ करतात. त्या छोट्या बंद जागेतल्या हवेचा दाब एकदम वाढतो, खालचे सूर फुगतात, वरचे दबतात आणि माइकच्या आतल्या घटकावर त्याच्या नेहमीच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडतो. जाड आवाजाचा निम्मा भाग इथेच तयार होतो. ओंजळीत करंगळीएवढी फट राहिली तरी तो आवाज क्षणात पातळ होतो. हे दुकानात उभ्याउभ्या तपासता येते. चौथ्या छिद्रातून श्वास आत ओढून एकच सूर धरावा, ओंजळ पूर्ण बंद करावी आणि मग उजव्या हाताची करंगळी किंचित उचलावी. सूर तोच असताना आवाजाचे वजन उतरलेले ऐकू आले, तर माइक हातात बसला असे समजावे. ओंजळ बंद असताना आणि उघडी असताना काहीच फरक पडत नसेल, तर हवा कुठून तरी आधीपासूनच गळते आहे. बहुतेक वेळा ही गळती दोन अंगठ्यांच्या मधून किंवा उजव्या मनगटाच्या वरच्या खोबणीतून होते.

म्हणून माइकचा आकार ही माझ्या मते पहिली कसोटी आहे. ध्वनिलेखातली वक्ररेषा, जुन्या वादकांची छायाचित्रे आणि रंग हे सगळे त्यानंतर. ५२० डीएक्सचे तोंड सुमारे अडीच इंच व्यासाचे आहे आणि अंग पूर्ण धातूचे, चांगलेच जड. मोठ्या हाताच्या माणसाला हा भरीवपणा आवडतो, कारण धातूचा गोल तळहाताच्या खळग्यात नीट बसतो आणि त्याच्याभोवती बोटे गुंडाळून हवाबंद ओंजळ करणे सोपे जाते. ज्याची बोटे आखूड आहेत त्याची मात्र दोन्हीकडून ओढाताण होते. एका हाताने हार्प सावरायचा, दुसऱ्याने माइकचे वजन पेलायचे आणि वर फट राहू द्यायची नाही, या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. पाऊण तास सलग वाजवल्यावर मनगट दुखू लागते, आणि मनगट दुखले की ओंजळ सैल पडते. ओंजळ सैल पडली की ज्या आवाजासाठी एवढा खर्च केला तोच निघून जातो. दुकानात दोन मिनिटे वाजवून हे कळत नाही. एखाद्या मित्राकडून माइक उसना घेऊन घरी एक संपूर्ण संध्याकाळ वाजवून पाहणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

५२० डीएक्सच्या खालच्या टोकाला आवाज कमीजास्त करण्याची फिरकी आहे. ही फिरकी दिसते तितकी किरकोळ नाही. गिटारवादकाचा सोलो चालू असताना हार्पवादकाच्या हातातला उघडा माइक ॲम्पसमोर उभा असतो, आणि ॲम्पचाच आवाज माइकमध्ये परत शिरून तो शिट्टी मारणार हे ठरलेलेच असते. करंगळीने फिरकी मागे घेतली की काम होते, त्यासाठी ॲम्पपर्यंत चालत जावे लागत नाही. वाजवतानाही फिरकी थोडी मागे ठेवली तर आवाज जास्त स्वच्छ येतो, पूर्ण उघडली तर फाटतो. म्हणजे एकाच गाण्यात दोन पोत मिळवता येतात. तक्रार आहे ती केबलबद्दल. सुमारे सहा मीटर लांबीची केबल माइकला कायमची जोडलेली असते आणि तिच्या टोकाला गिटारसारखा पाव इंची जॅक असतो. लांबी योग्य आहे. अशा हाय-इम्पीडन्स म्हणजे जास्त विद्युत अवरोधाच्या माइकला याहून लांब केबल लावली तर वरचे सूर वाटेतच गळतात. पण केबल हा कोणत्याही माइकचा सर्वांत आधी झिजणारा भाग असतो, आणि ती सुटी करता येत नसेल तर ऐन कार्यक्रमात तुटलेली केबल बदलण्याची सोय राहत नाही. माइक उघडून तिथे सुटा जोड बसवून देणारे तंत्रज्ञ असतात. कसबी हाताने केलेला तो बदल मला अवश्य करून घेण्याजोगा वाटतो.

ग्रीन बुलेटच्या आत आज डायनॅमिक कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा घटक, असते. जुन्या ५२० आणि ५२० डीमध्ये ‘कंट्रोल्ड रिलक्टन्स’ आणि पुढे ‘कंट्रोल्ड मॅग्नेटिक’ नावाचे चुंबकीय घटक होते, आणि जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांच्यासाठी दुप्पट पैसे मोजायला तयार असतात. तो घटक आजच्या कॅप्सूलपेक्षा जास्त रेताड आणि दाट वाजतो हे खरे, पण जुना घटक विकत घेताना तो कोणत्या अवस्थेत आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि परदेशातून मागवलेली वस्तू ऐकून घेण्याची सोय आपल्याला नसते. नव्या डीएक्सचा आवाज त्या मानाने थोडा सभ्य आहे. चांगल्या ॲम्पवर तो सभ्यपणा आडवा येत नाही. साध्या ॲम्पवर मात्र ‘एवढे पैसे कशासाठी दिले’ असा प्रश्न पडू शकतो.

तो प्रश्न पडू नये म्हणून इम्पीडन्सचे गणित समजून घेणे भाग आहे. हे गणित न समजल्यामुळे अनेकांनी चांगले माइक वाईट ठरवले आहेत. ग्रीन बुलेट हाय-इम्पीडन्स आहे, म्हणजे गिटार ॲम्पच्या सुमारे दहा लाख ओहमच्या इनपुटला तो थेट लावता येतो. हाच माइक जॅक बदलून मिक्सरच्या माइक इनपुटला जोडला, जिथे इम्पीडन्स दीडदोन हजार ओहमच्या घरात असते, तर आवाज बारीक आणि मलूल येतो. अशा वेळी मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे असा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी पेटी, हवाच. उलट एसएम ५७ किंवा एसएम ५८ लो-इम्पीडन्स आहेत, सुमारे ३०० ओहमचे. ते मिक्सरवर उत्तम चालतात, पण साध्या तारेने गिटार ॲम्पला जोडले तर पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि ॲम्प कितीही वाढवला तरी आवाज फाटण्यापर्यंत जात नाही. यावर उपाय म्हणजे इम्पीडन्स मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, शुअरचा ए८५एफ किंवा तशाच कामाचा दुसरा. एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर जोड, दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक अशी ती छोटीशी नळी असते. ती ॲम्पच्या टोकाला लावावी, माइकच्या टोकाला लावू नये. म्हणजे लांब केबलमधून लो-इम्पीडन्स संतुलित सिग्नल येतो आणि खोलीतली गुणगुण आत शिरत नाही. नागपुरात ही गुणगुण बारीक गोष्ट नाही. उन्हाळ्यात कूलरची मोटर आणि पंखा, वर छताच्या पंख्याचा रेग्युलेटर आणि शेजारी स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, एवढे सगळे एकाच खोलीत चालू असताना हाय-इम्पीडन्सची लांब केबल ओढणे म्हणजे गुणगुणीला आमंत्रण देणे आहे.

एसएम ५७ आणि ५४५ यांचे पारडे माझ्या दृष्टीने इथेच जड होते. ५४५ हा १९५९ सालचा, शुअरच्या युनिडाइन थ्री मालिकेतला माइक, आणि १९६५ चा एसएम ५७ त्याच घराण्यातला. पॉल बटरफील्डसारखा मोठा हार्पवादक ५४५ वर वाजवत असे, त्यामुळे बुलेट नसेल तर ब्लूज नाही हे म्हणणे टिकत नाही. एसएम ५७ चे वजन २८४ ग्रॅम आहे, तोंड निमुळते आहे, आणि छोट्या हातात तो सहज बसतो. ओंजळ करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या माइकच्या जाळीखाली बाजूने फटी असतात, त्यांच्यामुळेच तो समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतो. ओंजळीत त्या फटी झाकल्या जातात आणि माइक सर्व दिशांनी ऐकू लागतो. म्हणजे एकदिश माइक घेतला म्हणून शिट्टी टळेल ही समजूत हार्पच्या बाबतीत फसवी आहे. तळहातांनी माइक नीट झाकला की एसएम ५७ आणि ग्रीन बुलेट या बाबतीत सारखेच. ओंजळ उघडून स्वच्छ वाजवायचे असेल, गाणे म्हणायचे असेल किंवा मध्येच दोन शब्द बोलायचे असतील, तेव्हा मात्र एसएम ५७ पुन्हा शहाण्या माइकसारखा वागतो. ग्रीन बुलेटला ते जमत नाही. त्यात गायलेले गाणे बसस्थानकावरच्या घोषणेसारखे ऐकू येते.

एसएम ५८ आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक साउंडवाल्याच्या पेटीत असतो, म्हणून त्याच्याबद्दलही थोडे सांगायला हवे. आतला भाग एसएम ५७ च्याच जातीचा आहे, पण गोल जाळीच्या चेंडूमुळे माइकचा घटक हार्पपासून लांब पडतो आणि ओंजळीतली जागा मोठी होते. त्यामुळे दाब कमी तयार होतो. आवाज चांगला येतो, जाड येत नाही. आयत्या वेळी वाजवायला तो ठीक आहे. ऑडिक्स फायरबॉल व्ही हा खास हार्मोनिका आणि बीटबॉक्ससाठी बनवलेला आखूड माइक आहे, त्याला आवाजाची फिरकीही आहे आणि हातात तो सुरेख बसतो. तो जोर सहन करतो, फाटत नाही. म्हणजे ज्यांना स्वच्छ आवाज हवा आहे त्यांच्यासाठी तो चांगला, पण शिकागोचा रखरखीत पोत त्याच्याकडून काढायचा तर सगळे काम ॲम्पलाच करावे लागते.

क्रिस्टलच्या माइकबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आंतरजालावर त्याचे गुणगान वाचून अनेक जण जेटी-३० च्या मागे लागतात. आवाजाबद्दलचे गुणगान खोटे नाही. जुना, जिवंत क्रिस्टल मध्य सुरांना जो कडक, दाणेदार बाज देतो तो इतर कशातून तसा येत नाही, आणि माइकचा देहही बुलेटपेक्षा हलका व निमुळता असल्यामुळे हातात छान बसतो. अडचण त्या क्रिस्टलच्या पदार्थात आहे. तो रोशेल मीठ म्हणजे पोटॅशियम सोडियम टार्ट्रेटचा असतो. हे मीठ पाण्यात सहज विरघळते, फार कोरड्या हवेत स्वतःतले पाणी गमावते, आणि ५० अंशांच्या पुढे तापले तर कायमचे निकामी होते. आता आपल्या गावाचा विचार करावा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा ओठ फाटतील इतकी कोरडी असते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान ६० च्या पुढे सहज पोहोचते. धरमपेठेत गाडी लावून अर्धा तास रसपान करून यावे, तेवढ्यात डिकीतला क्रिस्टल संपलेला असू शकतो. घरात कूलरखाली ठेवला तर तिथे दुसरे संकट, कारण वाळ्यातून येणारी ओली हवा दिवसभर त्याच्यावर वाहते. पुढे पावसाळा, आणि त्यात वादकाचा स्वतःचा दमट श्वास थेट माइकच्या जाळीवर. ज्या क्रिस्टलने अमेरिकेत कितीतरी दशके काढली तो इथे एका उन्हाळ्यात जाऊ शकतो, आणि गेला की दुरुस्त होत नाही. सिरॅमिक घटक याच तत्त्वावर चालतो आणि उष्णतेला बधत नाही. त्याचा आवाज थोडा रुक्ष असतो, पण जेटी-३० चे कवच ज्याला हवेच आहे त्याने आत सिरॅमिक किंवा चुंबकीय घटक बसवलेला घ्यावा.

क्रिस्टल घेतलाच तर एक तांत्रिक बाब सांभाळावी. चुंबकीय माइकला लांब केबल लावली की वरचे सूर कमी होतात, क्रिस्टलला लांब केबल लावली की सगळाच आवाज थोडा बसतो. क्रिस्टलचे खालचे सूर टिकवायचे असतील तर पुढचे इनपुट पाच मेगओहमच्या (पन्नास लाख ओहमच्या) आसपास असणे उत्तम. नेहमीच्या गिटार ॲम्पवर तो काहीसा पातळ वाजतो त्याचे कारण हे आहे. त्यावर बसवलेली आवाजाची फिरकीही तितक्याच मोठ्या मूल्याची हवी. बाजारातली नेहमीची फिरकी बसवून ‘क्रिस्टलमध्ये दम नाही’ असे म्हणणारे लोक भेटतात.

ॲम्पबद्दल फार लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र विषय आहे. एवढेच सांगतो की १९५० च्या दशकातल्या फेंडर बासमनसारखे व्हॉल्व्ह ॲम्प हा या आवाजाचा पाया होता, आणि आजही पंधरा वॉटचा, आठ किंवा दहा इंची स्पीकरचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प घरासाठी आणि लहान जागेसाठी पुष्कळ होतो. त्यातला पहिला व्हॉल्व्ह १२एएक्स७ असेल तर तंत्रज्ञाकडून त्या जागी १२एवाय७ बसवून घ्यावा. त्याचे वर्धन निम्म्याहून कमी असते, त्यामुळे शिट्टी बरीच लांब ढकलली जाते. नागपुरातल्या बहुसंख्य वादकांकडे असतो तो ट्रान्झिस्टरचा सरावाचा ॲम्प. त्यावर गिटारसाठी दिलेले ‘ड्राइव्ह’चे बटन हार्पसाठी दाबू नये. स्वच्छ चॅनेल घ्यावे, ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणावा, बास थोडा वाढवावा आणि फाटण्याचे काम ओंजळीवर सोपवावे. अशा ॲम्पवर मी ग्रीन बुलेट आणि ट्रान्सफॉर्मर लावलेला एसएम ५७ शेजारी शेजारी ऐकले आहेत. फरक आहे, पण किमतीत जेवढा फरक आहे तेवढा आवाजात नाही. ज्याच्याकडे असाच ॲम्प आहे त्याने उरलेले पैसे दोन चांगल्या हार्पवर घालवावेत. पांढरी सहा म्हणजे ए आणि पांढरी एक म्हणजे सी, या दोन पट्ट्यांच्या हार्पवर, श्वास आत ओढून वाजवण्याच्या दुसऱ्या पोझिशनमध्ये, ई आणि जी या पट्ट्यांतला ब्लूज वाजतो, आणि गिटारवाल्यांशी वाजवायला सुरुवातीला एवढे पुरते.

खरेदीबाबत दोन गोष्टी. बर्डीवरच्या आणि सदरमधल्या वाद्यांच्या दुकानांत एसएम ५७ आणि ५८ बहुधा समोर ठेवलेले मिळतात, ग्रीन बुलेट मात्र मागवावा लागतो आणि पैसे आधी द्यावे लागतात. तेव्हा तो पसंत पडला नाही तर परत घेणार का हे बिल करण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. दुकानात माइक तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणणे. त्यातून हार्पच्या माइकबद्दल काहीही कळत नाही. स्वतःचा हार्प खिशात न्यावा आणि वर सांगितलेली करंगळीची चाचणी करावी. दुसरी गोष्ट नकली मालाची. एसएम ५८ आणि ५७ यांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, आणि अर्ध्या किमतीत अस्सल माइक कोणी विकत नाही. एसएम ५८ चे वजन २९८ ग्रॅम असते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला तरी नकली माइक बऱ्याचदा पकडला जातो. खालच्या एक्सएलआर जोडात अस्सल माइकच्या तिन्ही पिनांशेजारी १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, नकलेत ते अनेकदा नसतात. स्वस्तात काम भागवायचे असेल तर नकली नावाच्या वाटेला जाण्यापेक्षा अहुजासारख्या देशी कंपनीचा साधा डायनॅमिक माइक स्वतःच्या नावाने घ्यावा. सभामंडपांत आणि लाउडस्पीकरांवर आयुष्य काढणारे हे माइक मजबूत असतात, त्यांचा आवाज मध्य सुरांत दाटलेला असतो, आणि हार्पला तो अनपेक्षितपणे मानवतो. त्यावर मोठी गोल जाळी असेल तर ती काढून पाहावी. बऱ्याचदा आवाज लगेच जवळ येतो, फक्त आतल्या पडद्याला बोट लागणार नाही आणि थुंकी जाणार नाही याची काळजी घ्यावी.

शेवटी स्टेजचा विषय. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागी पंधरा वॉटचा ॲम्प शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, आणि तो पोहोचवायचीही गरज नाही. ॲम्प खुर्चीवर थोडा तिरका ठेवावा, वादकाने त्याच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे, आणि ॲम्पच्या स्पीकरसमोर साउंडवाल्याचा एक माइक लावून तो आवाज मोठ्या स्पीकरवर न्यावा. साउंडवाल्याला हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच सुराला तो धावत येतो: ‘दादा, माइक झाकू नका, शिट्टी मारतो.’ त्याचे बरोबरच असते, कारण गायकांना तो हेच शिकवत आलेला आहे. ‘भाऊ, हा माइक तुमच्याकडे येतच नाही, ॲम्पकडे जातो, तुम्ही फक्त ॲम्पचा आवाज घ्या’ एवढे शांतपणे समजावले की तो निर्धास्त होतो. मग त्याला आणखी दोन विनंत्या कराव्यात. हार्पच्या चॅनेलवरचा ट्रेबल खाली ठेवावा आणि वादकासमोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू येण्यासाठी ठेवलेल्या स्पीकरमध्ये, हार्प अजिबात देऊ नये. ॲम्प न नेता बुलेट थेट मिक्सरला जोडायची वेळ आली तर डीआय बॉक्स स्वतःच्या पिशवीत असू द्यावा, कारण साउंडवाल्याकडचा एकुलता एक डीआय बहुधा कीबोर्डला लागलेला असतो. डीआय ॲक्टिव्ह म्हणजे वीज लागणाऱ्या प्रकारचा असेल तर मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज, म्हणजे फँटम पॉवर, सुरू करायला सांगावे, आणि ती सुरू होताना चॅनेल म्यूट ठेवायला सांगावे, नाहीतर मोठ्या स्पीकरमधून दणका बसतो.